दुसऱ्या ओळीतला आवाज

आधीच सांगून टाकते, मी संशयी आहे. दुकानदार जास्तच गोड बोलायला लागला की मी काट्याकडं बघते. कुणी उगाच 'कशी आहेस गं?' विचारलं की मला वाटतं, आता हिला काय पाहिजे? हॉस्टेलवरच्या मैत्रिणी म्हणतात, तू लय डाऊट खातीस. खाते की! आमचं सगळं घरच तसं आहे. दारावर भाजी घेताना आई एकेक वांगं उलटंपालटं करून बघते आणि तरी म्हणते, 'किडकं निघलं तर उद्या वापस.' अशा घरात वाढलेली पोरगी भोळी कशी निघेल?

पण नववीच्या वर्षी माझ्या संशयानं जी मजल मारली, ती आधी कधी मारली नव्हती आणि नंतरही नाही.

आमचं गाव पोखर्णीच्या जवळचं. हायस्कूल फाट्यावर, एसटी थांबते तिथंच. शाळेच्या मागं एक पत्र्याचं शेड होतं. शाळा सुटल्यावर त्या शेडच्या एका अंगाला समूहगानाचा सराव चालायचा आणि दुसऱ्या अंगाला जिम्नॅस्टिक्सचा. इकडं गाण्याच्या बाई पेटी घेऊन बसलेल्या, तिकडं पीटीचे सर चटया अंथरून शिट्टी फुंकायलेत. बाई म्हणायच्या, 'सर, तुमची शिट्टी आमच्या सुरात घुसायलीय.' सर म्हणायचे, 'बाई, तुमच्या पेटीनं पोरींचा तोल जायलाय.' मी दोन्हीकडं होते. गळा बरा होता आणि अंगानं मी काडी होते.

आठवीच्या गॅदरिंगला मी स्टेजवर कोलांट्या मारल्या, कमान टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं आणि ते फिरत फिरत पेडगावला गेलं. पेडगावला आमचे बापू राहतात, बाबांचे थोरले भाऊ. त्यांच्याकडं साधा बटणांचा फोन, पण दुसऱ्याच्या मोबाईलवर बघायला कोण अडवतंय? पुढच्याच लग्नात पंगतीत बसल्या बसल्या बापू म्हणाले, 'वाढत्या वयाची पोरगी हाय. गाणं म्हणू दे, गाणं चांगलं. पर त्या उलट्यापालट्या उड्या आता बस.'

बाबा म्हणाले, 'बरं.'

एवढंच. बाबांचं 'बरं' म्हणजे दगडावरची रेघ. बापूंनी स्वतःची शाळा सोडून बाबांना शिकवलेलं, त्यामुळं बाबांना परभणीच्या ऑफिसात खुर्ची मिळालेली. बापूंपुढं बाबा आजही पाय सोडून बसत नाहीत. मी ताटातल्या बुंदीकडं बघत बसले. माझं काय चुकलं, हे कुणी सांगितलंच नाही.

नववीत सर आणि बाई या दोघांचं कधी नव्हे ते जमलं. सव्वीस जानेवारीला एकीकडं समूहगान आणि त्याच गाण्यावर पोरींचा मनोरा. पहिल्या कडव्याला खालचा थर, पुढच्याला मधला, आणि शेवटच्या कडव्याला सगळ्यांत वर एक मुलगी उभी राहून हात पसरणार. सरांनी सगळ्यांना एकदा बघितलं आणि माझ्याकडं बोट केलं. 'टोक ही.'

मला ते टोक पाहिजे होतं. दुसरं काहीच नको होतं. मला त्या वर्षी कुणी विचारलं असतं की पहिला नंबर पाहिजे का टोक, तर मी विचार न करता टोक म्हणाले असते.

म्हणून मी घरी काही सांगितलं नाही. घरी एकच, 'गाण्याचा सराव हाय.' खोटं तर नव्हतं ते! एक दिवस मी गाण्यात बसायचे, एक दिवस मनोऱ्याला जायचे. आणि पकडलं जायची भीती मला नव्हती, कारण बाईच रोज सांगायच्या, 'समूहगानात एकीचा जरी आवाज वेगळा ऐकू आला ना, तर समजा गाणं बिघडलं. सगळ्यांचा मिळून एक आवाज.' मी म्हणलं, झालं तर मग! सगळ्यांचा मिळून एकच असेल, तर त्यात मी आहे का नाही कुणाला कळणार?

टोकाच्या खाली ज्या मुलीच्या खांद्यावर मी उभी राहायचे, तिला सर 'खांदा' म्हणायचे. मला 'टोक', तिला 'खांदा'. ती आमच्याच गल्लीतली, माझ्याच वर्गातली. दणकट, कमी बोलणारी. मी तिच्या खांद्यावर चढले की ती दोन्ही हातांनी माझे घोटे पकडायची आणि खालून म्हणायची, 'हं.' ते 'हं' आलं की मी सरळ व्हायचं, हात सोडायचे. ते आल्याशिवाय हलायचं नाही, हा सरांचा नियम.

डिसेंबर लागला आणि बाबा विचित्र वागायला लागले.

तसे ते रोज संध्याकाळी दिवेलागणीला यायचे, हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि देवळात भजन असेल तर टाळ घेऊन निघायचे. शाळेचं कधी विचारायचे नाहीत. एके दिवशी बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, 'आज गाणं पातळ झालं का गं?'

माझ्या हातातला तांब्या थांबला. त्या दिवशी मी गाण्यात नव्हते, मनोऱ्याला होते.

'न्हाई की. चांगलं झालं,' मी म्हणलं.

'हं,' म्हणाले, आणि चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी मी गाण्यात बसले. संध्याकाळी बाबा म्हणाले, 'आज भरलं गाणं.' त्याच्या पुढच्या वेळी मनोऱ्याला गेले, तर पुन्हा 'आज पातळ.' दर वेळी बरोबर. एकदाही चुकले नाहीत.

माझ्या मनात पाल चुकचुकली नाही, तिनं बिऱ्हाडच केलं. कुणीतरी घरी खबर पोचवायलं होतं. मी रोज कुठं उभी असते, हे ज्याला डोळ्यांनी दिसतं असं कुणीतरी. बाबांची बस तर दिवेलागणीला येते, तोवर शेडला कुलूप लागलेलं असतं. मग सांगतंय कोण?

बाई? बाईंना मी पूर्ण वेळ गाण्यात पाहिजे होते, दुसऱ्या ओळीच्या मध्यात. 'तू नसलीस की ओळ बसती,' असं त्या कुरकुरायच्या. सर? सर कशाला आपल्याच टोकाच्या पायावर धोंडा मारतील? पहिल्या ओळीतल्या त्या दोघी, ज्या मला बघून कुजबुजायच्या? माझ्या बेंचवर बसणाऱ्या सगळ्यांकडं मी आठवडाभर चोराकडं बघावं तसं बघितलं. कुणाच्या हातात मोबाईल दिसला की मला वाटायचं, हिनं काढला फोटो, गेला बाबांना.

आणि एका संध्याकाळी उत्तर आपल्या पायांनी दारात आलं. खांद्याची आई, हातात रिकामी वाटी. 'वहिनी, विरजण देता का वाईच?'

हात्तिच्या! ही बाई दर आठ-चार दिवसांनी विरजणाला यायची. त्यांच्याकडं दही लावलं की फसायचं, का कोण जाणे. यायची, आईशी उंबऱ्यावर पाच मिनिटं बोलायची आणि जायची. आता मला सगळं लख्ख दिसायला लागलं. पोरगी शाळेतून घरी बातमी नेते, आई वाटीसोबत ती इकडं आणते, आमची आई बाबांना देते. वाह रे वाह! मी जिच्या खांद्यावर उभी राहते, तीच माझे पाय ओढायलीय.

का? त्याचंही उत्तर माझ्याकडं तयार होतं. तिला स्वतःला टोक व्हायचं असणार. ती दणकट, कधीच टोक होऊ शकत नव्हती, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. संशयाला वजनकाटा लागत नाही.

मी सापळा लावला. खांद्याला एकटीला गाठून म्हणलं, 'उद्या मी मनोऱ्याला न्हाई, गाण्यात बसणार हाय. कुणाला सांगू नको.' तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी गाण्यात बसलेच नाही. पोट दुखतंय म्हणून वर्गात बाकावर पडून राहिले. सरावाला कुठंच गेले नाही. म्हणलं, बाबा आता 'भरलं' म्हणले की चोर सापडला.

संध्याकाळी बाबा म्हणाले, 'आज बी पातळच.'

साधी पोरगी असती तर म्हणाली असती, खांदा निर्दोष आहे. मी म्हणलं, बघा किती बेरकी! तिला सापळा कळला.

पुढच्या आठवड्यात खांद्याची आई पुन्हा वाटी घेऊन आली. आई न्हाणीत होती. मी दार अडवून उभी राहिले आणि म्हणलं, 'दिवेलागण झाली. आमच्यात दिवेलागणीनंतर दही देत न्हाईत.' असा एक रिवाज आहे खरा, पण आमच्या आईनं तो कधीच पाळलेला नाही, आणि हे त्या बाईला चांगलं माहीत होतं. तिनं माझ्यामागच्या दह्याच्या गाडग्याकडं बघितलं. 'बरं बाई,' म्हणाली आणि गेली. पुन्हा एकदा आली, तेव्हाही मी तेच सांगितलं. त्यानंतर आली नाही.

आता मनोऱ्यावर काय होणार ते वेगळं सांगायला नको. मी खांद्यावर चढले. तिनं घोटे पकडले. 'हं,' म्हणाली. आणि माझे गुडघे सरळच होईनात. ह्या हातांनी मला सोडलं तर? सव्वीस जानेवारीलाच, सगळ्यांसमोर? मी वाकलेलीच राहिले. सर खालून ओरडले, 'सरळ हो!' मी हलले, तोल गेला, आणि मी आपली आपण चटईवर उडी टाकली. खरचटलं नाही काही. पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि त्याच्या पुढच्या दिवशीही.

खांदा चटईवर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. ती इतकं सलग बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली. 'माझ्यावर इस्वास न्हाई ना तुझा? मग पाय कशाला ठेवतीस? आईला तर दारातून वापस पाठवायलीस. काय केलंय आमी तुझं?'

'तुला माहीत हाय काय केलंय ते,' मी म्हणलं.

ती चटई झाडायला लागली. किती साळसूद, असं मला वाटलं.

सरांनी त्याच दिवशी मला काढलं. 'टोक बदलू. आठवीतली ती बारकी येऊ दे.' मी गाण्याच्या ओळीत जाऊन उभी राहिले. तोंडातून सूर निघत होता आणि डोळे तिकडं, मनोऱ्याकडं. ती बारकी वर चढत होती. माझं टोक! रडू येत होतं आणि बाई म्हणत होत्या, 'वा, आज ओळ कशी भरली.' त्या संध्याकाळी बाबाही म्हणाले, 'आज भरलं.' मला वाटलं, गाणं भरलं, माझं काय?

दोन-तीन दिवसांनी सरांनी मला परत बोलावलं. ती बारकी खांद्याला झेपत नव्हती. म्हणजे खांदाच सरांना म्हणाली होती, 'हिच्या पायांचा मला अंदाज लागत न्हाई सर. आधीचीलाच घ्या.' जी मुलगी अख्ख्या गोणीचं दळण डोक्यावरून आणते, तिला ती चिमणी झेपत नाही? मला पटलं नाही. नक्की काहीतरी मनात असणार हिच्या, असं म्हणत म्हणत मी चढले. कारण टोक पाहिजे होतं. तिनं घोटे पकडले, जरा जास्तच घट्ट. 'हं,' म्हणाली. मी डोळे मिटून सरळ झाले.

सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी पेडगावहून बापू आले. मुद्दाम. 'पोरीचं गाणं ऐकायचंय,' म्हणाले. बाबा म्हणाले, 'चला की, उद्या सोबतच जाऊ.' मी आईकडं बघितलं. आई वांगी उलटीपालटी करत होती. तिला वेगळीच काळजी होती. ती बाबांना म्हणाली, 'आजकाल तुमी फाट्यावर लय रेंगाळता म्हणं. तुमच्यासोबतचे सगळे कधीच घरी येत्यात.' बाबा म्हणाले, 'वळखीचे भेटत्यात.' आईच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला ते पटलेलं नाही. फाट्यावरच्या हॉटेलात पत्ते चालतात, तिचा संशय तिकडं होता.

सकाळी झेंडा झाला. भाषणं झाली. मैदानाच्या कडेला खुर्च्या, पुढच्या ओळीत बाबा आणि बापू शेजारी शेजारी. सगळं संपलं, मी म्हणलं. वर उभी राहिले तर बापूंना दिसणार. नाही राहिले तर टोक कायमचं जाणार. खांदा माझ्या बाजूला उभी होती. तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, 'चढणार हाईस का न्हाई? आताच सांग.'

'चढणार,' मी म्हणलं.

गाणं सुरू झालं. पहिल्या कडव्याला खालच्या मुली वाकल्या. पुढच्याला मधल्या चढल्या. शेवटच्या कडव्याला मी निघाले. एकीची मांडी, दुसरीची पाठ, मग तो ओळखीचा खांदा. घोट्यांवर हात आले. 'हं.' मी सरळ झाले आणि हात पसरले. वरून सगळं गाव दिसत होतं, फाट्यावरची उभी बस, कडुलिंब, हॉटेलचं छप्पर. आणि अगदी समोर बाबा. बाबा डोळे मिटून बसले होते. भजनात बसतात तसे, मान जराशी तिरकी करून. त्यांनी एकदाही वर बघितलं नाही. बापू मात्र वाकून त्यांच्या कानाला काहीतरी सांगत होते आणि बोट माझ्याकडं होतं.

खाली उतरले. म्हणलं, आता घरी तकरार.

घरी आले तर बापू ओसरीत जेवायला बसलेले. मला बघितलं आणि म्हणाले, 'ये गं. लय गोड गायलीस.'

मी बाबांकडं बघितलं. बाबा भाकरी कुस्करत होते.

बापू म्हणाले, 'मला आधी वाटलं, वर चढलीय ती तूच का काय. माझी नजर आता अधू झाली. तुझा बाप म्हणला, न्हाई, आपली गाण्यात हाय. डोळे मिटा आन् ऐका, दुसऱ्या ओळीतून येतोय तो आवाज तिचाच. म्या ऐकला. साफ कळला बघ.'

बापू पेडगावचे खरे, पण वेड पांघरलं होतं ते आमच्या बाबांनी.

आमच्या बाबांचे कान काय आहेत ते अख्ख्या गावाला माहीत आहे. देवळात टाळकरी दाटीवाटीनं उभे असले तरी एकाचा टाळ चुकला की बाबा डोळे मिटल्या मिटल्या त्याचंच नाव घेतात. त्या माणसाला तिथं नसलेला आवाज ऐकू आला? आणि तोही थोरल्या भावाला दाखवण्याइतका स्पष्ट?

दुपारच्या बसनं बापू गेले. संध्याकाळी बाबा ओसरीत टाळाची दोरी बदलत बसले होते. मी पाणी नेऊन दिलं आणि तिथंच उभी राहिले. शेवटी मीच विचारलं, 'तुमाला कोण सांगायचं, बाबा?'

'काय?'

'मी गाण्यात हाय का न्हाई ते.'

त्यांनी दोरीची गाठ दातांनी आवळली. 'सांगायचं कशाला? डिसेंबरपासून आधीच्या गाडीनं उतरायलोय. हॉटेलाच्या मागं कडुलिंबाखाली उभारलं की शेडमधलं सगळं ऐकू येतं. तू असलीस की दुसरी ओळ भरती. नसलीस की पातळ. आईला बोलू नको, तिला वाटतंय मी पत्ते खेळायलोय.'

मी तिथंच खाली बसले. म्हणजे पहिल्या दिवसापासून? रोज चहाच्या बशीवरून मला विचारत होते ते? मला रागही आला. म्हणलं, 'मग थांबवलं का न्हाई?'

'बापूला बरं म्हणलोय ना. दिसलं असतं तर थांबवावं लागलं असतं.' टाळ एकदा वाजवून बघितला. 'म्हणून बघितलंच न्हाई.'

मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, 'ती खाली असती ती पोरगी. पाय नीट धरती का गं तुझे?'

मी उठले, आत गेले, गाडग्यातलं दही वाटीत काढलं. आई म्हणाली, 'दिवे लागले, आता दही घेऊन कुठं निघालीस?' आणि लगेच डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. मी थांबलेच नाही.

खांद्यानंच दार उघडलं. शाळेचीच ट्रॅकपँट, खांद्यावर माझ्या पायांची धूळ तशीच. तिनं वाटीकडं बघितलं, मग अंधारलेल्या गल्लीकडं, मग माझ्याकडं.

'दिवेलागण झाली की,' ती म्हणाली. 'तुमच्यात देत न्हाईत ना?'

'देत्यात. घे.'

तिनं घेतली नाही. 'घरी कळलं का? काय म्हणले बाबा?'

'तू पाय नीट धरतीस का, म्हणून विचारलं.'

'मग?'

'अजून सांगितलं न्हाई. तुला आधी सांगायला आले. धरतीस.'

तेव्हा तिनं वाटी दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाली, 'हं.'